खालच्या फळीवरची आठ अंडी

काकूंनी बॅग भरली, बहिणीच्या प्लास्टरमधल्या पायाखाली ठेवायला एक जुनी उशी काखोटीला मारली आणि नवऱ्याला उबवणीच्या कपाटापुढे उभं केलं.

"हे बघा, नीट ऐका. अंडी दिवसातून तीन वेळा फिरवायची. पाण्याची ताटली कोरडी पडू द्यायची नाही. आणि रोज सकाळी फळ्या बदलायच्या. खालची वर, वरची मध्ये, मधली खाली. समजलं?"

"फळ्या कशाला बदलायच्या?"

"ऊब वर चढते हो."

"ते मला सांगतेस?"

पारासाहेबांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी चौतीस वर्षं वेधशाळेत काढली होती. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी थंड हवा खाली येते, आणि या चढउतारावर सगळं आभाळ चालतं, वारे वाहतात, ढग बनतात, हे त्यांनी दरवर्षी नव्या उमेदवारांना फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. त्याला अभिसरण म्हणतात, हे ते झोपेतही सांगत. काकू तेच चार शब्दांत सांगून मोकळ्या झाल्या, याचंच त्यांना जरा लागलं.

गल्लीने त्यांना पारासाहेब हे नाव ठेवलं होतं. ते आदराने ठेवलं की चिडवायला, याचा शोध त्यांनी कधी घेतला नाही. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत घरातल्या कुठल्याच कामाला त्यांचा हात लागला नव्हता असं नाही. लागला होता, म्हणूनच आता लावू दिला जात नव्हता. त्यांनी डबे अक्षरानुक्रमे लावले, तेव्हा काकूंना मीठ सापडायला पंधरा मिनिटं लागली. त्यांनी वाऱ्याची दिशा बघून कपडे वाळत घातले, ते शेजारच्या गच्चीवरून गोळा करावे लागले. आयुष्यभर कचेरीत हुकूम सोडलेला पुरुष घरी आला की बायकोचं काम सुधारायला घेतो. तिने ते काम तीस वर्षं त्याच्या सुधारणेवाचून केलेलं असतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नाही. शिरायला जागाच नसते.

तर हे कपाट काकूंचं होतं. शेजारच्या वायरमनने ते जुन्या पुस्तकांच्या कपाटातून करून दिलं होतं. तळाशी दोन बल्ब आणि पाण्याची ताटली, त्यावर तीन जाळीदार फळ्या, बाहेर थर्मोस्टॅटची खुंटी, आणि दमट हवा बाहेर पडायला माथ्यावर बोटाएवढी भोकं. वरच्या दोन फळ्यांवर चोवीस-चोवीस अंडी होती. खालच्या फळीवर फक्त आठ.

काकूंनी वाकून त्या आठांवरून हात फिरवला.

"ही मास्तरणीची. पुन्हा मिळायची नाहीत."

मास्तरीण ही काकूंची उघड्या मानेची कोंबडी. पिसं नसलेली ती लांब तांबडी मान पुढे काढून ती अंगणात अशी फिरायची, की जणू कुणी गृहपाठ केला नाही ते बघतेय. सात वर्षं काकूंच्या मागेमागे फिरली. दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी खुराड्यात मान टाकून बसलेली सापडली. त्याआधी दिलेली ही शेवटची आठ अंडी. काकू त्या दिवशी रडल्या नव्हत्या. फक्त भाजी दोनदा फोडणीला टाकली होती.

"बघतो मी," पारासाहेब म्हणाले. "तू निर्धास्त जा."

काकूंनी त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी आपलं म्हणून जे काही होतं ते नवऱ्याच्या हातात पहिल्यांदाच दिलं होतं. पारासाहेबांना हे नेमकं कळलं. हे जमलं, तर आपण या घरात कामाचे. नाही जमलं, तर उरलेलं आयुष्य "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा" ऐकत काढायचं.

"निर्धास्त जाते असं नाही म्हणणार," काकू म्हणाल्या. "पण जाते."

रिक्षा कोपऱ्यावरून वळली, आणि पारासाहेबांनी कपाट सुधारायला घेतलं.

पहिला दोष त्यांना दाराच्या काचेतूनच दिसला होता. तापमापी चक्क मधल्या फळीवर, अंड्यांच्या मध्ये, त्यांना टेकून आडवा झोपवला होता. पारासाहेबांच्या अंगावर काटा आला. वेधशाळेत तापमापी कशालाही टेकलेला आढळला, तर ती नोंद रद्द व्हायची आणि नोंदणाऱ्याला लेखी खुलासा द्यावा लागायचा. तापमापी उभा हवा, मोकळा हवा, सावलीत हवा, आणि जमिनीपासून चार फुटांवर हवा. साऱ्या जगाने मिळून ठरवलेला नियम होता तो. त्यांनी टेप आणली, जमिनीपासून चार फूट मोजले आणि तापमापी दोऱ्याने टांगला. तो नेमका वरच्या फळीशी आला. शिवाय न वाकता वाचता येऊ लागला.

अर्ध्या तासाने बघतात तर पारा एकोणचाळीसवर.

"अरे देवा!" पारासाहेब एकटेच ओरडले. "साडेसदतीस पाहिजे आणि ही बाई एकोणचाळीसवर अंडी शिजवत होती!"

त्यांनी खुंटी पिळत पिळत पारा साडेसदतीसवर आणला. बायकोची एवढी मोठी चूक सापडल्याचा आनंद त्यांना लपवता येईना, आणि घरात कुणी नसल्याने दाखवताही येईना.

दुसरी सुधारणा फळ्यांची. रोज जागा बदलायची म्हणजे निरीक्षणात ढवळाढवळ. आज एक अंडं वर, उद्या खाली, मग नोंद ठेवायची कुणाची? पारासाहेबांनी फळ्या होत्या तिथेच ठेवल्या. त्या दिवशी मास्तरणीच्या अंड्यांची पाळी खाली होती. ती खालीच राहिली.

बाकी कामात मात्र त्यांनी कुठे कसूर केली नाही. सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेआठ. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक आणि एका बाजूला फुली. वहीला सात रकाने. पारा अठरा दिवस साडेसदतीसवरून हलला नाही. असा देखणा तक्ता त्यांनी नोकरीतही कधी काढला नव्हता.

रोज संध्याकाळी फोन यायचा.

"फिरवता ना?"

"तीन वेळा."

"पाणी?"

"भरलेलं आहे."

"आणि फळ्या बदलता ना?"

इथे पारासाहेब रोज खोकायचे. "तू बहिणीकडे लक्ष दे गं. इथलं सगळं काट्यावर चाललंय."

ते खोटं बोलले नव्हते. काटा खरंच साडेसदतीसवर होता. खरं तेवढंच निवडून बोलणारी माणसं खोटं बोलणाऱ्यांपेक्षा जास्त घोटाळे करतात, एवढंच.

एकविसाव्या दिवशी सकाळी वरच्या फळीवर टकटक सुरू झाली. एका अंड्याला टवका उडाला, मग दुसऱ्याला, आणि जेवणवेळेपर्यंत ओली, केविलवाणी, कुणीतरी धुऊन पिळल्यासारखी बावीस पिल्लं वरच्या फळीवर धडपडत होती. पारासाहेबांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांनी चष्म्यावर ढकललं.

मधल्या फळीवर दुपारपर्यंत दोन-तीन टवके. खालच्या फळीवर काही नाही.

तीन वाजता काही नाही. चार वाजता काही नाही. पारासाहेब जमिनीवर आडवे होऊन काचेला कान लावून पडले. आठ अंडी दगडासारखी गप्प. आणि काकू उद्या संध्याकाळी येणार होत्या.

त्यांनी वायरमनला हाक मारली. वायरमन हा चाळिशीचा, गरजेपेक्षा जास्त उत्साही माणूस होता. तो कपाटाचा जन्मदाता असल्याने त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"माझ्या कपाटात दोष? शक्यच नाही साहेब. बल्ब कमी पडला असेल. थांबा, मोठा लावतो."

"किती मोठा?"

"आहे माझ्याकडे एक. मांडवात लावायचा."

त्याने तो लावला. कपाटातून क्षणभर सूर्य उगवल्यासारखा उजेड आला, फट्ट झालं, आणि अर्ध्या गल्लीची वीज गेली.

"आता रे?" पारासाहेबांचा आवाज फाटला.

"खांबावरचा फ्यूज उडाला. तास-दीड तास लागेल. तोवर तुम्ही ऊब धरा!" वायरमन शिडी घेऊन पळाला.

ऊब धरा! पारासाहेबांनी चूल पेटवली, घरातल्या तिन्ही रबरी पिशव्यांत कढत पाणी भरलं आणि त्या कपाटाच्या माथ्यावर ओळीने ठेवल्या. वर गोधडी घातली. एवढ्यात समोरची शिंपीणबाई, मशीन बंद पडल्याने रिकामी झालेली, दारात आली. तिने एकदा पिशव्यांकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"काय करताय हे?"

"अंड्यांना ऊब देतोय."

"अंडी छताला चिकटवलीत का?"

"म्हणजे?"

"अहो, पिशव्या वर ठेवून ऊब खाली कशी उतरेल? खाली ठेवा की. पातेलं चुलीच्या वर ठेवतात, चूल पातेल्याच्या वर ठेवत नाहीत. एवढे शिकलेले तुम्ही!"

पारासाहेब त्या पिशव्यांकडे बघत राहिले. मग काचेतून वरच्या फळीशी टांगलेल्या तापमापीकडे बघितलं. मग खाली, तळाच्या फळीकडे. चौतीस वर्षं त्यांनी आभाळातली हवा चढताना बघितली होती. दहा-दहा हजार फुटांचे ढग त्यांना समजत. पाच फुटांच्या कपाटात तेच चाललं असेल, हे मात्र मनात आलं नव्हतं. कपाटाला आभाळ समजायचं कचेरीच्या नियमात कुठे लिहिलं नव्हतं ना!

त्यांनी तापमापी सोडला, तळाला ठेवला. गोधडीखाली दिवा धरून वाचला. वीज जाऊन वीसच मिनिटं झाली होती. तरी वर आणि खाली तीन अंशांचा फरक.

"अठरा दिवस," ते म्हणाले. "अठरा दिवस मी त्यांना गारठ्यात ठेवलं."

शिंपीणबाईला वाईट वाटलं. "होतं असं," ती म्हणाली. आणि स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास न बसून घरी गेली.

वीज आली, वायरमनही आला, आणि आल्याआल्या त्याने जखमेवर औषध म्हणून तिखट टाकलं.

"जिवंत आहेत की गेली, लगेच कळतं साहेब. पाण्यात सोडा. तरंगलं ते अंडं खराब. आमच्या घरी आमलेटाआधी असंच करतात."

कोमट पाण्याची बादली आली. पहिलं अंडं सोडलं. तरंगलं. दुसरं तरंगलं. आठही अंडी टोकं वर करून होड्यांसारखी डुलायला लागली.

"गेली," वायरमन हळूच म्हणाला, आणि उगाच डोक्यावर हात फिरवू लागला, जणू टोपी काढायची होती पण टोपी नव्हती.

पारासाहेबांनी आठही अंडी पुसली. खुरपं घेऊन ते अंगणात गेले, मास्तरणीला जिथे पुरलं होतं तिथे उकिडवे बसले. दोन वेळा माती उकरली आणि दोन्ही वेळा परत लोटली. होईना. मेलेलं पुरायला फार धाडस लागतं असं नाही. पण आपल्या हाताने मेलेलं पुरायला लागतं. काकू आल्या, चार दिवस गेले, त्या बाजारात गेल्या की उरकू, असं ठरवून त्यांनी ती अंडी काकूंच्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळली आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून कपाटाच्या माथ्यावर, मागच्या बाजूला सरकवून ठेवली.

"आणि आता काकूंना काय सांगणार?" वायरमनने विचारलं.

 दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही पिल्लं विकणाऱ्या बाईच्या दुकानात उभे होते.

"उघड्या मानेची आठ?" ती म्हणाली. "तसली नाहीत आमच्याकडे. ही घ्या, झकास आहेत."

ती झकासच होती. पिवळीधमक, कापसाच्या बोळ्यांसारखी, आणि मानेवर तर इतकी दाट लव, की गळपट्टा गुंडाळल्यासारखी दिसत होती. वाटेत वायरमनने खोका उघडून बघितला.

"साहेब, माझ्याकडे दाढीचं पातं आहे. माना साफ करायच्या का?"

"एक शब्द बोललास तर खोक्यात तुला घालीन."

"मी आपलं सुचवलं."

"मान मागाहून उघडी पडत असेल," पारासाहेब स्वतःशीच म्हणाले. "माणसांना नाही का, टक्कल मागाहून पडतं?"

संध्याकाळी काकू आल्या. बॅग दारातच ठेवली, पाय धुतले आणि थेट कपाटाकडे गेल्या. मधल्या फळीवर तेव्हा पिल्लं निघायला नुकता जोर धरला होता. काकू वाकल्या. खालच्या फळीवर आठ गळपट्टेवाली पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. काकूंनी एकाला उचललं, तळहातावर घेतलं, मानेवरून बोट फिरवलं.

पारासाहेबांनी श्वास धरला.

"अगदी आईवर गेलीत," काकू म्हणाल्या.

त्यांनी पिल्लू खाली ठेवलं. तापमापीकडे बघितलं; तो पारासाहेबांनी खाली-वर करत पुन्हा चार फुटांवर टांगला होता, कारण कुठे ठेवायचा तेच आता त्यांना कळत नव्हतं. खुंटीकडे बघितलं. कपाटाच्या माथ्याकडे एकदा नजर टाकली. आणि "चहा घेणार ना?" म्हणत आत गेल्या.

त्यानंतरचे दिवस पारासाहेबांच्या आयुष्यातले सर्वांत मानाचे आणि सर्वांत वाईट होते. काकू येईल-जाईल त्याला सांगत होत्या, "ह्यांनी एकट्याने काढली पिल्लं. मी नव्हते. अठ्ठेचाळीसमधली चव्वेचाळीस, आणि मास्तरणीची तर आठच्या आठ!" प्रत्येक कौतुक पारासाहेबांच्या कानशिलात बसत होतं. शिंपीणबाईने ते ऐकून तोंडात टाचण्या धरल्या आणि डोळे शिवणावरून वर केले नाहीत. वायरमनने गल्लीत यायची वाटच बदलली.

आणि काकू बाजारात जाईनात. "तुम्हीच आणा हो भाजी. तुम्हाला आता सगळं जमतंय." कपाटाच्या खोलीतच त्या निवडायला बसत, तिथेच पेपर वाचत. पारासाहेब स्टुलाकडे नुसते गेले तरी, "वर काही काढायचंय का? मला सांगा. तुमचे गुडघे!"

घास उतरेना. झोप येईना. आठ पोरकी पिल्लं मास्तरणीच्या नावाखाली दाणे टिपताना बघितली की त्यांना वाटे, आपण एका मेलेल्या कोंबडीला फसवतोय. आणि तिला फसवणं सोपं होतं. समोर पदराला हात पुसत हिंडणाऱ्या जिवंत बाईला फसवणं जमत नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांच्यापुढे कपाटाची किल्ली ठेवली.

"हे काय?"

"आजपासून कपाट तुमचं. माझ्या कमरेला आता वाकवत नाही. आणि तुमच्याइतकं चोख कुणी करणार नाही. मी विचार करून ठरवलंय."

आठ महिने ज्याची वाट बघितली ते असं बशीशेजारी पडलेलं होतं. नुसतं उचलायचं. वायरमन सांगणार नव्हता, शिंपीणबाई सांगणार नव्हती. अंडी तर मेलेलीच होती. पारासाहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मला घेता येणार नाही."

"का?"

"मास्तरणीची पिल्लं ही नव्हेत." ते उभे राहिले. बसून बोलणं त्यांना अशक्य होतं. "ती दुकानातून आणलीत. मास्तरणीची आठही अंडी गेली. मीच घालवली. तू सांगितलं होतंस फळ्या बदला, मी नाही बदलल्या. फोनवर खोकलो. तापमापी वर टांगला, वरची ऊब बघून खुंटी उतरवली, आणि ती बिचारी खाली अठरा दिवस गारठली. मला कळायला हवं होतं. साऱ्या जगात मला कळायला हवं होतं. दुसऱ्यांना शिकवलं मी ते. तुझं होतं ते माझ्या हातात दिलंस आणि मी..." 

 काकूंनी स्टूल ओढलं, कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईला शोभणार नाही अशा चपळाईने त्यावर चढल्या आणि कपाटाच्या माथ्यावरून शालीची गुंडाळी दोन्ही हातांनी उतरवली.

"बसा खाली. मांडी घाला. घ्या."

"तुला माहीत होतं?"

"शालीची झालर लोंबत होती पुढे. आले त्याच संध्याकाळी बघितली. उघडा."

पारासाहेबांनी शाल उघडली. पाच अंड्यांना टवके गेले होते. एक पूर्ण फुटलं होतं, आणि त्यातून एक ओलं, चिडलेलं, कुरूप पिल्लू लांबलचक उघडी मान वर काढून थेट त्यांच्याकडे बघत होतं. गृहपाठ कुठे आहे, असं विचारल्यासारखं.

"ही... ही तर मेली होती!"

"कुणी सांगितलं?"

"तरंगली!"

"तरंगणारच. आत पिल्लू मोठं झालं की अंड्यातली पोकळी वाढते. तुमच्या वायरमनला जे ठाऊक आहे ते आमलेटापुरतं."

"पण गारठली होती ती. तीन अंश!"

"गारठ्यात वाढ सावकाश होते, एवढंच. मधली फळी एक दिवस उशिरा फुटत होती तेव्हाच मी ओळखलं, खालची अजून उशिरा येणार. वर टांगलेला तापमापी बघितला आणि सगळं कळलं. मग शालीला हात लावला तर ऊबदार. कान लावला तर आत टकटक. भोकांतून सगळी गरम हवा तिथेच तर येते." काकू स्टुलावरून उतरल्या. "कमाल आहे तुमची. जिवंत समजून ठेवलीत तिथे गार होतं, आणि मेलेली समजून ठेवलीत तिथे घरातली सगळ्यात चांगली ऊब. मी फक्त रोज थोडं पाणी शिंपडत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस? तीन दिवस? मी जेवलो नाही नीट!"

"बघितलं ना मी. मलाही घास गेला नाही." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण उद्या काय होणार ते चौतीस वर्षं तुम्ही लोकांना सांगत आलात. मला एकदा बघायचं होतं, माझा नवरा काय करणार. अंडी काय, उशिरा का होईना, फुटणारच होती. तुमचं सांगता येत नव्हतं."

त्या दिवशी आठातली सहा फुटली. दोन नाहीच फुटली. ती पारासाहेबांनी संध्याकाळी स्वतः पुरली, या वेळी माती एकदाच उकरून. काकू शेजारी उभ्या होत्या.

पुढे जे झालं ते मात्र कुणाच्याच अंदाजात नव्हतं. त्या सहा पिल्लांनी डोळे उघडले ते पारासाहेबांच्या मांडीवर. त्यांनी जगात पहिल्यांदा जे हलताना बघितलं, त्यालाच आई मानलं. पारासाहेब न्हाणीघरात गेले की सहा उघड्या माना दाराबाहेर रांगेत उभ्या राहून आकांत करत. पेपर वाचायला बसले की एक खिशात, दोन चपलांत. वायरमन पहिल्यांदा पुन्हा त्या वाटेने आला, तेव्हा साहेबांच्या मागून चाललेली ती मिरवणूक बघून तो वाटेतच थबकला आणि सायकलला टेकून खूप वेळ हसला.

एका सकाळी पारासाहेब अंगणात उभे होते. हलत नव्हते.

"अहो, चहा निवतोय!" काकूंनी आतून हाक मारली.

"येता येत नाही."

"का? पाय मुरगळला?"

"झोपलीत."

काकू दारात आल्या. चार पिल्लं त्यांच्या पावलांवर अंग टाकून पडली होती, आणि उरलेली दोन त्यांच्या ओंजळीत. पारासाहेब श्वाससुद्धा बेताने घेत होते.

"मग किती वेळ उभं राहणार?"

"उठेपर्यंत."

काकू आत गेल्या आणि कप घेऊन आल्या. पारासाहेबांच्या दोन्ही हातांत पिल्लं. मग काकूंनी कपावर हलकेच फुंकर मारली आणि तो त्यांच्या ओठांना लावला. भर सकाळी, भर अंगणात. समोर शिंपीणबाईचं मशीन थांबलं.

"लोक बघतायत गं," पारासाहेब कुजबुजले.

"बघू देत. काही शिकले तर शिकतील. प्या."

पारासाहेबांनी एक घोट घेतला. चहात साखर घालायची राहिली होती.  ती न मागता त्यांनी दुसऱ्या घोटासाठी मान पुढे केली.